ठिबकाच्या काळ्या नळीचा पूर्वेतिहास

सोलापूरहून हैदराबादकडे जाताना नळदुर्गाच्या अलीकडे अणदूर लागते. तुळजापूर तालुक्याचा हा प्रदेश अवर्षणप्रवण. येथे पिकाला पाणी मोजूनमापून द्यावे लागते. ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्या वैशाखाच्या उन्हातही जमिनीवर उघड्याच असतात. नळी काळीच का, या प्रश्नाचे उत्तर मात्र शेतीच्या नव्हे, तर दूरध्वनीच्या इतिहासात सापडते.

मार्च १९३३ मध्ये इंग्लंडातील विनिंग्टन येथे इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत गिब्सन व फॉसेट यांना प्रचंड दाबाखालील एथिलीन वायूपासून मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला. तेच पॉलिएथिलीन. महायुद्धात रडारच्या तारांना त्याचे वेष्टन लाभले. पुढे दूरध्वनीच्या केबलींवर शिशाच्या जागी त्याची योजना झाली. तेथेच त्याचे वैगुण्य उघड झाले. उन्हातील वेष्टन ठिसूळ होऊन तडकू लागले.

शुद्ध पॉलिएथिलीन सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण फारसे शोषत नाही. ते शोषतात त्यातील अशुद्ध द्रव्ये आणि ऑक्सिजनाशी झालेल्या संयोगातून निर्माण होणारे गट. त्या ऊर्जेने रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ताणबल प्रारंभी फारसे घटत नाही. घटते ती तुटण्यापूर्वी ताणले जाण्याची क्षमता. मूळ लांबीच्या कित्येक पट ताणली जाणारी वस्तू पुढे नुसती वाकवताच मोडते. पृष्ठभागावरील केसाएवढी चीर आतल्या सुदृढ भागालाही फाडत नेते. म्हणूनच केवळ ताणबल मोजणारा परीक्षक फसतो.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांनी या ऱ्हासाचा पद्धतशीर अभ्यास करून १९५० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दोन टक्के बारीक काजळी पॉलिएथिलीनमध्ये एकजीव मिसळली, तर ती किरण स्वतः शोषून घेते व साखळ्यांचे रक्षण करते. खार आणि उंदीर यांच्या दातांवर मात्र काजळीचा इलाज नाही!

महाराष्ट्रात १९६० नंतरच्या दशकात तुर्भे-ठाणे परिसरात पॉलिएथिलीनचे उत्पादन सुरू झाले. १९८० नंतरच्या दशकात जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगाने ठिबक सिंचनाचा प्रसार हाती घेतला. ठिबकाच्या उपनळ्यांसाठी १९८९ साली निघालेल्या भारतीय मानकात (क्र. १२७८६) काजळीचे प्रमाण २ ते ३ टक्के ठरविले आहे.

प्रमाणाइतकेच मिश्रणही महत्त्वाचे. काजळीच्या गुठळ्या राहिल्यास किरण मधल्या जागेतून शिरतात, शिवाय गुठळीपाशीच भेग सुरू होते. अशी नळी दिसण्यात तितकीच काळी असते. डोळ्यांना भेद कळत नाही, सूक्ष्मदर्शकाला कळतो. कर्ज काढून स्वस्त नळी घेणाऱ्या शेतकऱ्यास तो कळतो दोन-तीन उन्हाळ्यांनंतर, पीक ऐन भरात असताना.

काळ्या रंगाची किंमतही आहेच. नळी अधिक तापते, तापली की मऊ पडते व लांबते. शंभर मीटरांची नळी २० अंशांनी तापल्यास सुमारे ४० सेंटिमीटर वाढते. म्हणून ती सैल, किंचित नागमोडी अंथरतात.