चाकाचे बेअरिंग बदलल्यानंतरचे संरेखन

चाकांचे संरेखन (व्हील अलाइनमेंट) म्हणजे मोटारीची चाके रस्त्याशी आणि परस्परांशी ठरावीक कोनांत राहावीत यासाठी निलंबन व सुकाणू यंत्रणेत केलेली जुळणी होय. चाकाचे बेअरिंग (धारवा) बदलल्यावर हे संरेखन पुन्हा करावे लागते की नाही, हे नव्या बेअरिंगवर नव्हे, तर ते बसवताना आणखी कोणते भाग सोडवावे लागले यावर ठरते.

संरेखनाचे कोन

संरेखनात मुख्यतः तीन कोन मोजतात. चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल म्हणजे कॅम्बर, सुकाणू अक्षाचा पुढे-मागे असलेला कल म्हणजे कॅस्टर आणि वरून पाहता चाके पुढच्या बाजूस आत किंवा बाहेर वळलेली असणे म्हणजे टो. हे कोन नकल, खालचा आर्म, शॉकअप व टाय रॉड यांच्या स्थितीने ठरतात. बेअरिंग केवळ हबला फिरू देते. त्यामुळे योग्य मापाचे नवे बेअरिंग नीट बसले, तर कोन बदलत नाहीत.

बांधणीनुसार फरक

काही मोटारींत बेअरिंग व हब यांचा एकसंध संच नकलवर बोल्टांनी बसवलेला असतो. तो बदलताना निलंबनाला हात लागत नाही, म्हणून संरेखनाची गरज सहसा नसते. मारुती ८०० सारख्या मोटारीत मात्र पुढचे बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेले असते. ते काढण्यासाठी बहुधा संपूर्ण नकल सोडवून प्रेसखाली न्यावा लागतो. नकल शॉकअपला जेथे दोन बोल्टांनी जोडलेला असतो, तेथील छिद्रांत थोडी मोकळीक असते. बोल्टांमधील अंतर ६० मिमी धरले, तर एका बोल्टपाशी १ मिमी सरकल्यानेही नकल सुमारे १ अंश कलतो. कॅम्बर बदलला की टोही बदलतो. म्हणून सोडवण्यापूर्वी बोल्टांच्या जागी खुणा करून ठेवतात; तरीही अशा कामानंतर मापन करून घेणे योग्य ठरते. टाय रॉडचा सांधा नुसता वेगळा करून परत जोडल्यास टो बदलत नाही. त्याचे लॉकनट फिरवून लांबी बदलली, तर बदलतो.

निदान व कामाचा क्रम

झिजलेल्या बेअरिंगचा घरघराट वेगाबरोबर वाढतो आणि वळणावर बहुधा कमी-अधिक होतो. गाडी एका बाजूला ओढणे किंवा टायरची एकच कड झिजणे ही संरेखन बिघडल्याची लक्षणे होत. ही दोन्ही दुखणी एकमेकांसारखी भासू शकतात, कारण असमान झिजलेला टायरही बेअरिंगसारखाच आवाज करतो. सैल बेअरिंगमुळे चाक हलते व मापे चुकतात. म्हणून आधी बेअरिंग, मग संरेखन असाच क्रम असावा. उलट क्रमाने संरेखनाचा खर्च वाया जातो. सैल बेअरिंगकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केल्यास ते जाम होऊन चाक निखळण्याचाही धोका असतो.

धारावाहिक धक्के व धाराशिव जिल्हा

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातून तुळजापूर व येरमाळ्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२, तसेच नळदुर्ग व उमरग्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ जातो. आतील रस्त्यांचा बराच भाग काळ्या जमिनीवर आहे. ही माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पृष्ठभाग उंचसखल होतो. खड्ड्याच्या जोरदार धक्क्याने बेअरिंगच्या कड्यांवर वण पडतात, आणि त्याच धक्क्याने आर्म किंवा नकल वाकलेला असू शकतो. बेअरिंग अशा आघाताने गेले असल्यास हबचा संच साधा असला तरी संरेखन तपासणे आवश्यक ठरते. चिखलपाणी सीलमधून आत शिरून झालेल्या झिजेला ही बाब लागू होत नाही.

ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीची गोष्ट वेगळी. तिच्या अखंड ॲक्सलला कॅम्बर वा टो जुळवण्याची सोय नसते. तेथे निमुळत्या रोलर बेअरिंगच्या जोडीवरील नटाचा ताण महत्त्वाचा: फार आवळल्यास हब तापतो, सैल राहिल्यास चाक डुलते. ट्रॉलीची चाके वाकडी चालू लागली, तर कमानपाट्यांचे यू-बोल्ट सैल होऊन ॲक्सल सरकला आहे का, हे प्रथम पाहतात.