क्षेत्राचे फळ

आपल्या नित्याच्या बोलण्यात भूमितीचे किती शब्द येऊन बसले आहेत, याची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. आईबाप व दोन मुले झाली की 'चौकोनी कुटुंब'. मत म्हटले की 'दृष्टिकोन'. ओळखीची माणसे म्हणजे 'वर्तुळ'. या शब्दांनी प्रवासही पुष्कळ केला आहे. 'केंद्र' हा शब्द ग्रीक ज्योतिषाबरोबर इकडे आला. उलट आपली 'ज्या', म्हणजे धनुष्याची दोरी, अरबांच्या हाती पडून पुढे भाषांतरकारांच्या गैरसमजाने लॅटिनात 'सायनस' झाली, आणि तिलाच आमची मुले आज 'साइन' म्हणून घोकीत बसतात!

परंतु आम्हांस सर्वांत बोलका वाटतो तो 'क्षेत्र' हा शब्द. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. 1150) आकृतींच्या प्रकरणाचे नावच क्षेत्रव्यवहार आहे. क्षेत्र म्हणजे मूळचे शेत. 'क्षेत्रफळा'तील फळ हे गणितातले, म्हणजे निघालेले उत्तर, हे खरे. तरी शब्दाला मातीचा वास आहेच.

नव्या मुंबईत या शब्दाचा कस लागला. 1970 साली सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांची भातशेते व मिठागरे नकाशावर आली. नकाशाबरोबर शब्दही आले. 'नोड' म्हणजे लॅटिनात गाठ. 'सेक्टर' म्हणजे भूमितीत दोन त्रिज्या व कंस यांमधील तुकडा. आमची पाठ्यपुस्तके त्यास मोठ्या गोडीने 'वर्तुळपाकळी' म्हणतात. पण नगररचनेत हा शब्द आकार टाकून आला. चंदीगडात आधी रूढ झालेला सेक्टर सुमारे 800 मीटर रुंद व 1200 मीटर लांब असा चक्क आयत आहे. वाशी-नेरुळास तर ठराविक आकारही नाही; तेथे सेक्टर म्हणजे केवळ एक आकडा. वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरुळ ही गावांची नावे नोडांना राहिली, एवढे श्रेय नकाशाकारांस दिलेच पाहिजे. शेताशेताला असलेली नावे मात्र त्या आकड्यांखाली गेली.

हा वाद शब्दांपुरता राहिला नाही. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. 16 व 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी बळी पडले. पुढे संपादित जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, आणि 'साडेबारा टक्के' हा अपूर्णांक आगरी-कोळी घरांतून व्याख्येवाचून समजला जाणारा शब्द बनला. तिकडच्या एखाद्या वृद्ध गृहस्थास 'क्षेत्र किती?' म्हणून विचारावे, तर तो दोन उत्तरे देतो: गेले ते गुंठ्यांत, आणि मिळाले ते चौरस मीटरांत.