दुसऱ्याने निवडलेला खेळ

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी सरते तेव्हा खरी मौज सुरू होते. भाऊबीज आटोपली की गावोगाव मंडई भरू लागते. आज या गावाची, परवा शेजारच्या गावाची, अशी ती महिनाभर फिरत राहते. दिवसा बाजार भरतो आणि रात्री दंडार किंवा नाटक. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घर भरते, आणि उत्तररात्रीपर्यंत थंडीत कुडकुडत सारे गाव पुरुषांनी केलेल्या राण्या आणि दासी पाहत बसते. झाडीपट्टीचे हे वैभव पुष्कळांनी वर्णिले आहे. मला त्यातल्या एका बारीक गोष्टीविषयी लिहायचे आहे, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

खेळ ठरवतो तो यजमान गाव. पाहुणा आपल्या आवडीचा खेळ मागत नाही. पुढ्यात येईल ते पाहतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तो आपले मत सांगितल्यावाचून गावाबाहेर पडत नाही. राजा बेसूर होता, विनोद शिळा होता, अमक्याचा रडण्याचा प्रवेश मात्र साधला. यजमान ते मुकाट्याने ऐकून घेतो. कारण चार दिवसांनी तोच पाहुणा यजमान होणार असतो आणि यालाही त्याच्या अंगणात बसून त्याने ठरवलेला खेळ पाहायचा असतो. म्हणून बोलणे खरेही असते आणि जपूनही असते. पुढे शहरात चित्रपटांच्या नादाला लागल्यावर ‘फिल्म सोसायटी’ म्हणून जे काही पाहिले, त्याची पहिली ओळख मला या अंगणात झाली होती, हे समजायला बरीच वर्षे गेली.

माझे गाव चिखला. तुमसर तालुक्याच्या उत्तरेला, मध्यप्रदेशाच्या हद्दीलगत. तुमसर रोडहून तिरोडीकडे एक लहान रेल्वे जाते, तिच्यावर गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग अशी स्टेशने लागतात; तोच आमचा मुलूख. गावाची ओळख म्हणजे मॅंगनीजची खाण. 1896 साली स्थापन झालेल्या एका इंग्रजी मंडळीने या पट्ट्यातले मॅंगनीज काढायला सुरुवात केली. 1962 मध्ये या खाणी भारत सरकार, दोन्ही राज्य सरकारे आणि ती जुनी कंपनी यांच्या भागीदारीत आल्या, आणि 1977 मध्ये पूर्णपणे सरकारी मालकीच्या झाल्या. काळी धूळ, काळे हात, आणि कामावर आलेल्या माणसांच्या चार बोली : झाडी, हिंदी, छत्तीसगडी, गोंडी. अशा गावात सिनेमा येई तो तंबूतून, नाहीतर मोकळ्या जागी बांधलेल्या चादरीवर. पुढची जागा भरली की उशिरा आलेले चादरीच्या मागे जाऊन बसत. तिकडून नायक डावखुरा दिसे आणि अक्षरे उलटी दिसत. पण गाणे दोन्हीकडे सारखेच ऐकू येई. मी कित्येक चित्रपट प्रथम असे मागून पाहिले आहेत.

इथे मंडईहून एक गोष्ट वेगळी होती. खेळ कोणता लागणार हे तंबूवाला ठरवी आणि पहाटे तो तंबू गुंडाळून निघून जाई. सकाळी पाळीवर जाणारी माणसे रस्त्याने चित्रपटावर तावातावाने बोलत. पण ज्याने तो निवडला त्याच्यापर्यंत त्यातले अक्षरही पोहोचत नसे. मत होते, ते ऐकणारा धनी नव्हता.

आता थोडे दूरचे सांगतो. पाहणाऱ्यांनीच एकत्र जमून चित्रपट निवडावा, सर्वांनी तो पाहावा आणि मग त्यावर बोलावे, ही चाल प्रथम फ्रान्सात रुजली. लुई देल्यूक या लेखकाने 1920 मध्ये ‘सिने-क्लब’ हा शब्द आपल्या पत्राच्या नावातच घातला. लंडनची फिल्म सोसायटी 1925 ची. तिच्या पाठीराख्यांत बर्नार्ड शॉ आणि वेल्स यांच्यासारखी माणसे होती. आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’ इंग्लंडात जाहीरपणे दाखवायला बंदी असताना या सोसायटीने 1929 मध्ये तो आपल्या सभासदांना दाखवला. आपल्याकडे मुंबईत 1937 मध्ये हौशी मंडळींची अमॅच्युअर सिने सोसायटी निघाली. मात्र चळवळ म्हणावे असे बळ आले ते 1947 च्या ऑक्टोबरात, कलकत्ता फिल्म सोसायटीमुळे. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता हे तिचे प्रमुख संस्थापक. तेव्हा राय जाहिरात कंपनीत चित्रकार होते. 1950 मध्ये लंडनच्या मुक्कामात त्यांनी डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ पाहिला आणि आपणही असाच चित्रपट काढायचा हा निश्चय पक्का केला. 1955 साली ‘पाथेर पांचाली’ आला. चित्रपट पाहून त्यावर भांडणारा माणूस पुढे स्वतःच चित्रपट करू लागतो, याचे याहून ठळक उदाहरण आपल्या देशात नाही.

जानेवारी 1952 मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि पुढे तो मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. ‘बायसिकल थीव्ज’ त्यात होता, आणि आपल्याकडच्या ‘आवारा’बरोबर शांतारामांचा मराठी ‘अमर भूपाळी’ही होता. गुरे राखणाऱ्या होनाजीची कथा आणि रोमच्या रस्त्यावर सायकल शोधणाऱ्या मजुराची कथा एकाच मांडवात! त्या दिवसांत तिथे असायला हवे होते असे मला नेहमी वाटते. पण तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

या इतिहासात एका मराठी बाईंचे नाव मराठी वाचकांना जितके ठाऊक असावे तितके नाही. विजया मुळे मुंबईच्या. जन्म 1921 चा. लग्नानंतर त्या पाटण्याला गेल्या. पुढे शिक्षणशास्त्र शिकण्यासाठी इंग्लंडातल्या लीड्सला गेल्या आणि तिथे त्यांना फिल्म सोसायटीची गोडी लागली. परत आल्यावर पाटण्याच्या आणि त्यानंतर दिल्लीच्या फिल्म सोसायटीच्या उभारणीत त्यांनी अंग मोडून काम केले. 13 डिसेंबर 1959 रोजी देशातल्या मोजक्या सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. अध्यक्ष सत्यजित राय झाले, आणि चिटणीसपदाचा व्याप ज्यांनी उचलला त्यांत विजयाबाई होत्या. दूरदर्शनच्या काळातल्या मुलांना तोंडपाठ असलेला ‘एक अनेक और एकता’ हा 1974 चा लहानसा चित्रपट त्यांचाच. 2019 मध्ये त्या वारल्या. चिटणीस म्हणजे काय काम, हे ज्यांनी संस्था चालवल्या आहेत त्यांना सांगायला नको. वकिलातींकडून रिळे मागवायची, ती रेल्वेने पुढच्या गावी वेळेवर धाडायची, वर्गणी थकवणाऱ्यांना पत्रे लिहायची आणि सेन्सॉरच्या सवलतीसाठी दिल्लीच्या कचेऱ्यांत खेटे घालायचे. कलेच्या इतिहासात या कामाला ओळ मिळत नाही, पण रिळ पोचले नाही तर इतिहासही घडत नाही.

महाराष्ट्रात पुढची पावले भराभर पडली. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले. मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ निघाले. दिनकर गांगल, सुधीर नांदगावकर यांच्यासारख्या मंडळींनी ते वाढवले आणि परदेशी चित्रपटावर मराठीत बोलण्या-लिहिण्याचा रिवाज पाडला. त्यापूर्वी ही चर्चा बहुतेक इंग्रजीत चाले. सोसायटीत जाणारे सगळेच कलेसाठी जात होते असे मात्र कोणी समजू नये. सेन्सॉरची कात्री न लागलेला चित्रपट पाहायला मिळतो एवढ्यासाठी वर्गणी भरणारे सभासद प्रत्येक गावात होते. ‘तसे’ काही नाही असे दिसले की ते मध्यंतरातच उठत. त्यांच्या वर्गणीवर बर्गमन आणि कुरोसावा यांचा खर्च भागला, हेही तितकेच खरे.

1970 नंतरच्या दशकात मी नोकरीनिमित्त नागपुरात होतो. एका सोसायटीचा सभासद झालो, आणि तिच्यातल्याच आम्ही सहाजणांनी आपला वेगळा फड जमवला. नियम साधा होता. पाळीपाळीने एकाने चित्रपट सांगायचा, बाकीच्यांनी आपापले तिकीट काढून तो शेवटपर्यंत पाहायचा, आणि नंतर चहाच्या टेबलावर प्रत्येकाने बोलायचे. निवडणाऱ्याने सर्वांत शेवटी. सोसायटीचे खेळ धरायचे, नाहीतर रविवारी सकाळी स्वस्त दरात जुने चित्रपट लागत ते. सहाजणांत एक माझ्याच गावचा होता. बाप खाणीत, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, नोकरी एका गोदामात. मीच त्याला ओढून आणला होता.

माझ्या पाळीला ‘बायसिकल थीव्ज’ आला. त्यातला नायक झालेला लांबेर्तो माज्जोरानी हा नट नव्हे, कारखान्यातला कामगार होता, वगैरे मी वाचून ठेवलेले सगळे बोलून घेतले. एकजण छायाचित्रणावर बोलला, एकजण युद्धोत्तर इटलीवर. याची वेळ आली तेव्हा तो बराच वेळ कप फिरवत बसला आणि म्हणाला, “बाप रडते ते पोरगा पायते. ते बरं नाई झालं.” आम्ही हसलो आणि पुढे गेलो. त्या चित्रपटाचा सगळा कणा त्या एका वाक्यात आहे, हे मला चौथ्यांदा पाहिल्यावर उमगले. चोरी केलेल्या बापाला लोक धरतात, मारतात, सोडून देतात. यापेक्षा मुलगा ते पाहतो हीच शिक्षा आहे.

पुढल्या महिन्यात त्याची पाळी. त्याने ‘दोस्ती’ सांगितला, 1964 चा, सत्येन बोस यांचा. एक आंधळा मुलगा, एक लंगडा मुलगा, आणि रस्त्यावरची गाणी. चिखल्याच्या तंबूत आम्ही दोघांनी तो चादरीच्या मागून पाहिला होता. रविवारी आम्ही सहाहीजण गेलो, नियमाप्रमाणे शेवटपर्यंत बसलो, आणि नंतर तासभर त्या चित्रपटाची साले काढली. रडवण्याचा धंदा, बेगडी गरिबी, गाण्यांची ठिगळे. मीही बोललो, सर्वांपेक्षा चढून बोललो, कारण तो माझ्या गावचा होता आणि मला त्याच्यासारखे दिसायचे नव्हते. शेवटी त्याची वेळ आली. तो म्हणाला, “मले आवडते.” एवढेच. चहाचे पैसे ठेवून उठला, आणि पुन्हा आमच्यात आला नाही.

त्या वेळी आम्ही ज्या फ्रेंच टीकाकारांची नावे जपत होतो, त्यांनी काय केले होते ते ध्यानात घेतले असते तरी पुरे होते. सिने-क्लबांतून वाढलेली त्रुफो, रोमेर ही पोरे ज्यांच्यासाठी पॅरिसमध्ये भांडली ते हिचकॉक आणि हॉक्स हे गल्ल्यावर चालणारे दिग्दर्शक होते. शहाण्यांनी ज्यांना करमणूकवाले म्हणून बाजूला ठेवले होते, त्यांचे चित्रपट त्यांनी पुनःपुन्हा पाहिले आणि त्यात काय आहे ते दाखवून दिले. ‘दोस्ती’ हिचकॉकच्या तोडीचा आहे असे मी म्हणत नाही. तो मला आजही अंमळ गोडच वाटतो. पण आम्ही त्याला एक प्रश्नही विचारला नाही. तुला यात काय दिसले, असे मंडईतला पाहुणासुद्धा यजमानाला विचारतो.

हे खेड्यांना झेपणारे काम नव्हे, असे तेव्हा आम्ही म्हणत असू. तेही खोटे ठरले. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडु नावाच्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम् संस्थेने 1973 मध्येच फिल्म सोसायटी काढली होती आणि सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांपुढे जगातले नामांकित चित्रपट ठेवले होते. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधले सतीश बहादूर तिथे जाऊन चित्रपट समजावून देत. हेग्गोडु आणि चिखला यांच्यात सुपारी आणि मॅंगनीज यांखेरीज फरक तो काय होता? तिथे विचारणारा कोणी होता.

दोन वर्षांपूर्वी मंडईला मी गावी गेलो होतो. तो आता निवृत्त होऊन चिखल्यातच राहतो. केस पांढरे, ऐकायला थोडे कमी. रात्रीचे नाटक पाहून आम्ही पहाटे त्याच्या ओसरीवर चहा घेत बसलो. पन्नास वर्षांत प्रथमच मी त्या रविवारचा विषय काढला आणि आपण फार वाईट बोललो असे म्हणालो. त्याने हात झटकला.

“ते सोड गा. माही पाळी झाली होती. मंग तुही होती. तू काई सांगतलाच नाई.”

मी म्हणालो, ठीक आहे, माझ्या पाळीचा ‘दोस्ती’च. आपण दोघे मिळून पुन्हा पाहू.

त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले.

“तो तं पायला हाये. दुसरा सांग.”