गाठीवरचा शिक्का, चक्कीवरचं नाव

वणी तालुक्यातलं राजूर ओळखलं जातं ते कोळशाच्या खाणीसाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी. माजरीकडून रेल्वेची फांदी इथवर आली तीही कोळशासाठीच. हा सगळा मुलूख चहाचा. विदर्भात कॉफीचं झाड पाहायचं तर मेळघाटात, चिखलदऱ्याला जावं लागतं. तरीही हातानं फिरवायची कॉफीची चक्की आज राजूरच्या पत्त्यावर मागवता येते. मूठभर जाडीचं धातूचं नळकांडं, वर दांडा, आत दातेरी पोलाद, आणि बाहेर ठसठशीत कोरलेलं एक नाव. तीच चक्की, त्याच मापाची, दुसऱ्या नावानं आणि दुसऱ्या किमतीला शेजारच्याच जाहिरातीत दिसते. कधी तिसऱ्या नावानंही दिसते.

मग ती बनवली कोणी? विदर्भाला हा प्रश्न नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी कापसाच्या बाबतीत तो इथेच, वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर विचारला गेला होता.

त्याआधी जात्याकडे पाहायला हवं, कारण कॉफीची चक्की म्हणजे जात्याचंच भावंड. खालची तळी स्थिर, वरची फिरती, मधोमध खीळ, हातात खुंटा, वरून घास घालायचा. दोन तळ्यांमधलं अंतर किती आणि दगडाच्या अंगावर टाकी कशी, यावर पीठ बारीक येणार की भरड, हे ठरायचं. कॉफीच्या चक्कीत दगडाच्या जागी पोलादाचा किंवा सिरॅमिकचा दातेरी शंकू आणि त्याभोवती दातेरी कडं आलं. या जोडीला व्यापारात ‘बर’ म्हणतात. तत्त्व तेच राहिलं. गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावायला पाथरवट किंवा वडार दारात यायचे, आणि टाकी लावल्यावरचं पहिलं दळण कच येते म्हणून घरात खात नसत. जात्यावर कुणाचं नाव नसायचं, कारण नावाची गरज नव्हती. ज्यानं दगड घडवला किंवा ज्यानं टाकी लावली, तो माणूस डोळ्यांसमोर असायचा. दगड खराब निघाला तर कुणाला बोल लावायचा, हे ठाऊक असायचं.

वस्तू लांबचा प्रवास करू लागली तेव्हा नावाची गरज पडली, आणि नावाची चोरीही तेव्हाच सुरू झाली.

वणीहून वर्धा नदी ओलांडून उत्तरेला गेलं की हिंगणघाट लागतं. एकोणिसाव्या शतकात हे नाव पार इंग्लंडच्या कापूस बाजारापर्यंत पोहोचलं होतं. इथल्या बणी जातीच्या कापसाचा धागा मऊ आणि त्या काळच्या देशी कापसांच्या मानानं लांब, म्हणून ‘हिंगणघाट’ हा व्यापारात एक दर्जाच होऊन बसला. वऱ्हाडच्या कापसाला लिव्हरपूलमध्ये ‘ऊमरा’ म्हणत. तो उमरावतीचा, म्हणजे अमरावतीचा अपभ्रंश. शेत कुठलंही असो, बाजारात माल एखाद्या मोठ्या पेठेच्या नावानं उभा राहायचा. इथवर त्यात गैर काही नव्हतं.

गैर पुढे घडलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि भारतीय कापसाचे भाव कडाडले. भाव चढताच भेसळही चढली. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारलं जाई, सरकी आणि माती आत राही, आणि चांगल्या धाग्यात आखूड धागा मिसळून गाठीला चांगलं नाव दिलं जाई. मुंबई सरकारनं १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा केला. नागपूरला सरकारनं कापूस कमिशनर नेमला. त्या पदावरच्या रिव्हेट-कारनॅक यानं मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कापसावर तपशीलवार अहवाल लिहिले. पण शेतकऱ्याचं गणित वेगळं होतं. बणीपेक्षा आखूड धाग्याचा ‘जरी’ जातीचा कापूस काटक होता आणि रेचल्यावर त्यातून रुई जास्त निघायची. हळूहळू बणी मागे पडला. ‘हिंगणघाट’ हे नाव मात्र बाजारात बरंच पुढे चालत राहिलं.

या दुखण्यावरचा नेमका उपाय सापडायला १९२५ साल उजाडलं. त्याआधी १९२३ साली कापूस वाहतुकीचा कायदा आला होता. चांगल्या कापसाच्या प्रदेशात मिसळणीसाठी हलका कापूस आणण्यावर त्यामुळे निर्बंध घालता येऊ लागले. १९२५ चा कायदा जिनिंग आणि प्रेसिंग कारखान्यांचा होता, आणि त्यातली एक अट साधी पण फार मोलाची होती: दाबलेल्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसचा नेमून दिलेला शिक्का आणि गाठीचा क्रमांक हवा. विकणारा कुणीही असो, गाठ कुठे बांधली गेली हे गाठच सांगणार. मालाच्या नावावर भांडत बसण्यापेक्षा कायद्यानं बनवणाऱ्याचा माग धरला. पन्नास-साठ वर्षांच्या अहवालांना जमलं नाही ते या शिक्क्यानं शक्य केलं, असं म्हटलं तर ते वावगं ठरणार नाही.

कापूस जायचा आणि कापड यायचं. मँचेस्टरहून येणाऱ्या ताग्यांवर देवदेवतांची, राजेरजवाड्यांची, हत्तींची रंगीत तिकिटं चिकटवलेली असत. गिऱ्हाईक त्या चित्रावरून कापड ओळखायचं. ते चित्र बहुतेक वेळा विणणाऱ्या गिरणीचं नसे. माल पाठवणाऱ्या व्यापारी पेढीचं असे. एकच पेढी अनेक गिरण्यांचं कापड स्वतःच्या छापाखाली विकायची, आणि गिरणीचं नाव गिऱ्हाइकाला कळतही नसे. आज ज्याला ‘व्हाइट लेबल’ म्हणतात, तो धंदा मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटला असा शंभराहून अधिक वर्षं परिचयाचा आहे. १८८९ च्या भारतीय व्यापारचिन्ह कायद्यानं ताग्यावर त्याची लांबी वारात छापायला लावली. चित्र कितीही देखणं असलं तरी कापड किती, हे तरी खरं कळावं, एवढीच त्यामागची माफक अपेक्षा.

तो कायदा इंग्लंडमधल्या १८८७ च्या कायद्याच्या पावलावर पाऊल ठेवून आला होता, आणि त्या कायद्यामागे होते चाकू-कात्र्या बनवणारे शेफील्डचे कारागीर. जर्मनीतली पाती शेफील्डचं नाव मिरवत विकली जातात, ही त्यांची तक्रार. म्हणून परदेशी मालानं ब्रिटिश वाटेल असं चिन्ह वापरलं तर त्यावर मूळ देश लिहिणं बंधनकारक झालं. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द असे सावधगिरीची सूचना म्हणून छापले जाऊ लागले आणि काही दशकांत तेच चांगल्या मालाची खूण बनले. पुढे जर्मनीलाच आपल्या गावाचं नाव जपावं लागलं: १९३८ साली झोलिंगेन हे नाव कोणत्या पात्यांवर घालता येईल, हे तिथल्या सरकारनं नियमानं ठरवून दिलं.

कॉफीच्या चक्कीचा इतिहास याच पोलादी घराण्यांतून जातो. फ्रान्सच्या प्यूजो कुटुंबानं १८४० साली कॉफीची चक्की बाजारात आणली. मोटारी फार नंतरच्या. त्यांचं सिंहाचं चिन्ह १८५८ साली नोंदवलं गेलं ते करवतींच्या पात्यांसाठी. दात सिंहासारखे मजबूत, असा त्याचा अर्थ. लाकडी पेटीच्या चक्क्यांसाठी प्रसिद्ध झालेलं जर्मनीचं झासेनहाउस १८६७ चं. या चक्क्यांवरचं नाव आणि आतलं पोलाद यांचा थेट संबंध होता. दात कातणारा आणि नाव कोरणारा एकाच छपराखाली बसायचा.

आज तो संबंध तुटू शकतो. चीनमधल्या एखाद्या कारखान्याकडे चक्कीचा आराखडा तयार असतो. ठरावीक नग मागवले की तो रंग बदलून देतो, खरेदीदाराचं नाव लेझरनं कोरून देतो, खोकंही छापून देतो. हा प्रकार मुळातच फसवणुकीचा आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. जो विक्रेता आलेला प्रत्येक नग तपासतो, सुटे भाग ठेवतो आणि बिघडलेली चक्की परत घेतो, तो त्या नावाची किंमत कमावतो. खरी खोट निराळी आहे. कवच तेच ठेवून आतले बेअरिंग किंवा दाते पुढच्या खेपेत स्वस्तातले घालता येतात, आणि बाहेरचं नाव त्याबद्दल काहीच सांगत नाही. हिंगणघाटच्या नावाखाली ‘जरी’ कापूस भरल्यासारखंच हे.

म्हणून चक्की पारखायची ती आतून. वरच्या वर्गातल्या चक्क्यांत दात्यांचा व्यास ३८ ते ४८ मिलिमीटरच्या आसपास असतो. दाते मोठे तर दळण सहसा लवकर उरकतं. पण व्यासापेक्षा आस महत्त्वाचा. दांडा धरून हलवला आणि शंकू मध्यापासून सरकला, तर एका बाजूला भुगा आणि दुसऱ्या बाजूला भरड निघणार. अशा कॉफीत कडवटपणा आणि आंबटपणा एकाच कपात उतरतात, कारण बारीक कणांतून अर्क जास्त निघतो आणि जाड्यांतून कमी. दोन्ही टोकांना बेअरिंग आहे का, हे उघडून पाहता येतं. बारीक-भरड ठरवणारी कळ टिचक्यांनी फिरते. जर्मनीत बनणाऱ्या कोमांदांतेच्या सी-४० चक्कीत एका टिचकीला दात्यांमधलं अंतर साधारण ३० मायक्रॉननं बदलतं. असा आकडा सांगणारा विक्रेता निदान मोजमापाला तयार असतो. सगळ्यात सोपी कसोटी मात्र एका प्रश्नाची आहे: या चक्कीचे नुसते दाते बदलून मिळतील का? ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याच्याकडे फक्त नाव आहे. टाकी लावून न देणाऱ्याकडून आपल्या आज्या-पणज्यांनी जातं घेतलं नसतं.

कायदा इथेही थोडी मदत करतो. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार खोक्यावर उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचं नाव-पत्ता लागतो, आयात मालावर मूळ देशही लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मूळ देश ऑनलाइन विक्रीतही दाखवायला लावला. पण परदेशातल्या कारखान्याचं नाव सांगायला आयातदार बांधील नाही. देश कळतो, कारखाना कळत नाही. १९२५ साली कापसाच्या गाठीला जो प्रेसचा शिक्का मिळाला, तो २,००० किंवा १०,००० रुपयांच्या चक्कीला अजून मिळालेला नाही. तो मिळायला हवा. तोवर राजूरच्या पत्त्यावर खोकं येईल तेव्हा चक्कीआधी त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं वाचावं, आणि आयातदाराला पत्र लिहून विचारावं की ही कुठल्या कारखान्यात बनली.