मेलेला विषाणू, जिवंत प्रश्न

१/ २०२० मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय संस्थेत कोरोनाची आरटी-पीसीआर तपासणी सुरू झाली. ही तपासणी विषाणूचे जनुकद्रव्य शोधते; विषाणू जिवंत की मृत, हे मात्र ती सांगत नाही.

२/ हा भेद न ओळखण्याची किंमत अमेरिकेने १९५५ मध्ये मोजली. साल्क यांच्या पोलिओ लशीतील विषाणू फॉर्मालिनने निष्क्रिय केला जाई. कटर कंपनीच्या काही साठ्यांत तो जिवंत राहिला आणि तपासणीतूनही निसटला. सुमारे २०० जण पंगू झाले, १० जण दगावले.

३/ गाळणीतून सुटलेल्या पेशींच्या कणांआड विषाणू दडले होते. शिवाय तपासलेला नमुना साठ्याच्या मानाने अल्प होता. त्यानंतर गाळणी व तपासणीचे नियम कठोर झाले.

४/ कोव्हॅक्सिनसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणू वेगळा केला; भारत बायोटेकने तो बीटा-प्रोपिओलॅक्टोनने निष्क्रिय केला. अशा लशीचा नमुना सजीव पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून पाहतात. यात दिवसांमागून दिवस जातात.

५/ जलद पद्धतीत पेशीसंवर्धन व पीसीआर यांची सांगड असते. पेशींवर नमुना सोडताच आणि काही काळाने जनुकद्रव्य मोजायचे. ते वाढले, तर विषाणू जिवंत. मृत विषाणूचे अवशेष सापडतात, पण वाढत नाहीत.

६/ वेळ वाचतो. १९५५ चा धडा मात्र तसाच राहतो. थेंबभर नमुन्यात काही न आढळणे, ही साऱ्या साठ्याची हमी नव्हे.