नाव वेठीचं, रूप मूर्तीचं

'रोबोट' हा शब्द चेक भाषेतला. तो यंत्रशाळेत जन्मला नाही, शेतात जन्मला. 'रोबोटा' म्हणजे कुळानं जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणं. हाब्सबुर्ग साम्राज्यात ही पद्धत १८४८ साली बंद झाली, पण शब्द लोकांच्या तोंडी राहिला. आपल्याकडे त्याला अगदी नेमका जोडीदार आहे: वेठ. संस्कृत 'विष्टि'वरून आलेला. पुढे फारसीतली 'बेगार' त्याला येऊन चिकटली आणि 'वेठबिगार' हा जोडशब्द झाला. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी संहितेतसुद्धा २३व्या अनुच्छेदात 'बेगार' हाच शब्द ठेवला आहे. तेव्हा रोबोटला मराठीत 'वेठ्या' म्हटलं, तर मूळ अर्थाच्या ते बरंच जवळ जाईल.

आता कुणाला वेठ्याचं चित्र काढायला सांगा. पाठीला बाक, तळहाताला घट्टे, टाचांना भेगा, उन्हानं करपलेली कातडी. मग त्यालाच विज्ञानकथेच्या मुखपृष्ठासाठी रोबोट काढायला सांगा. रुंद खांदे, सपाट पोट, चकचकीत मांड्या. बाई असेल तर कंबर मुठीत मावेल एवढी. नाव वेठ्याचं आणि अंग मात्र ज्यानं जन्मात ओझं उचललं नाही त्याचं, असा हा प्रकार आहे. हे कसं झालं?

'रोबोट' हा शब्द जगाला दिला कारेल चापेक या नाटककारानं, १९२० साली छापलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून. पण सुचला तो त्याला नव्हे, त्याच्या भावाला. योसेफ चापेक चित्रकार होता. कारेलनं १९३३ साली वर्तमानपत्रात लिहून ठेवलंय की कृत्रिम कामगारांना लॅटिन 'लाबोर'वरून नाव द्यावं असं त्याच्या मनात होतं, पण ते त्याला पुस्तकी वाटत होतं. योसेफ कॅनव्हाससमोर उभा होता, तोंडात ब्रश. तो तसाच पुटपुटला, मग रोबोट म्हण त्यांना. शब्द चित्रकाराचा आहे आणि त्याचा चित्राशी मेळ नाही, ही गंमत मला फार आवडते.

चापेकचे रोबोट पत्र्याचे नाहीतच. ते मांसासारख्या रासायनिक लगद्याचे आहेत. कारखान्यात तो लगदा पिठासारखा मळतात, मज्जातंतू सुतासारखे कातून काढतात. 'रोसुम' हे त्यांच्या शोधकांचं आडनावही 'बुद्धी' या अर्थाच्या चेक शब्दावरून घेतलेलं. त्यातला धाकटा रोसुम इंजिनिअर. त्यानं माणसाचं शरीर पाहिलं आणि कामाला न लागणारं सगळं वगळून टाकलं. म्हणजे वेठीला लागेल तेवढाच माणूस. मग यात बायका कशाला, असं नाटकातली हेलेना विचारते. व्यवस्थापकाचं उत्तर दुकानदाराचं आहे: तशी मागणी असते. मोलकरणी, दुकानातल्या मदतनीस, टंकलेखिका बायकाच असण्याची लोकांना सवय आहे. पुढे त्याच नाटकात एक शास्त्रज्ञ हेलेनाच्या रूपावर बेतून एक रोबोट घडवतो. ती दिसायला अप्रतिम होते आणि कामाला शून्य. मला वाटतं चापेकनं तिथंच निकाल देऊन टाकला होता. सौंदर्य हे कामाचं अंग नव्हे, ते गिऱ्हाइकाच्या नजरेचं अंग आहे.

या देखण्या वंशाचं खरं कूळ दुसऱ्याच शब्दात सापडतं: अँड्रॉइड. ग्रीक 'आनेर, आन्द्रोस' म्हणजे पुरुष, आणि पुढचा प्रत्यय 'रूपाचा' या अर्थाचा. इथं श्रमाचं नावही नाही, आहे तो केवळ आकार. १८८६ साली व्हिलिए द लिल-आदाँ या फ्रेंच लेखकानं आपल्या कादंबरीतल्या कृत्रिम स्त्रीसाठी हाच शब्द थोडा वळवून वापरला. त्याच्या उमरावाला प्रेयसीचं रूप हवं आहे, तिचं डोकं नको. म्हणून कादंबरीतला संशोधक एडिसन त्याला तिची प्रतिकृती करून देतो. पुराणकथेतला शिल्पकार पिग्मॅलियन आपल्याच हातच्या पुतळ्याच्या प्रेमात पडला होता, त्याचीच ही पुढची पिढी. आपल्याकडेही भोजाच्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकातल्या ग्रंथात विडा देणाऱ्या, पाणी शिंपडणाऱ्या लाकडी पुतळ्या येतात. सुंदर मुलीला 'पुतळीसारखी' म्हणण्याची आपली सवय पाहता, त्या घडवणाऱ्यानं वाकलेल्या पाठीची पुतळी केली असेल असं वाटत नाही.

दोन्ही कुळं एकत्र आली ती फ्रिट्झ लांगच्या १९२७च्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन चित्रपटात. त्यातल्या कृत्रिम स्त्रीचं जर्मन नाव 'माशीनेनमेन्श', म्हणजे शब्दशः आपला 'यंत्रमानव'. तो पोशाख वाल्टर शुल्झे-मिटेनडॉर्फ या शिल्पकारानं केला. ब्रिगिटे हेल्म या अभिनेत्रीच्या अंगाचा साचा घेऊन, लाकडाच्या लगद्यासारखं द्रव्य त्यावर थापून आणि वर धातूचा रंग फवारून. साचा उभ्या अंगाचा, म्हणून बसताना, वाकताना त्या कडक पोशाखाच्या कडा तिच्या अंगाला टोचत. पडद्यावर निर्विकार धातूची मूर्ती आणि आत घामाघूम झालेली नटी, म्हणजे वेठ कुठं गेली नव्हती. 'स्टार वॉर्स'मधल्या सोनेरी सी-थ्रीपीओची आखणी याच मूर्तीवरून झाली. जपानी चित्रकार हाजिमे सोरायामानं तर १९७८पासून आरशासारख्या धातूच्या तरुणी रंगवण्यातच नाव काढलं.

चित्रकाराच्या बाजूनंही एक म्हणणं आहे. माणसाची जवळजवळ हुबेहूब नक्कल अंगावर काटा आणते. मासाहिरो मोरी या जपानी यंत्रज्ञानं १९७० साली हे लिहिलं आणि यंत्र घडवणाऱ्यांना त्या वाटेला जाऊ नका म्हणून सांगितलं. त्यानं नमुना दिला तो बुद्धमूर्ती घडवणाऱ्या कारागिराच्या लाकडी हाताचा: लाकडाचाच रंग, बोटांवर ठसे नाहीत, पण वळणं अशी की पाहणाऱ्याला भीती वाटत नाही. म्हणजे सल्ला पुन्हा मूर्तिकाराकडे जाण्याचाच. हे कारण मला पटतं, पण अर्धंच. भीती टाळायला गुळगुळीत हात पुरतो, मुठीत मावणारी कंबर लागत नाही.

कारखान्यात पहिल्यांदा कामाला लागलेला रोबोट होता 'युनिमेट', १९६१ साली, न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात. साच्यातून निघालेले तापलेले सुटे भाग तो उचलून ठेवायचा. माणसाचे हात भाजायचे ते काम त्याच्याकडे गेलं. त्याला डोकं नव्हतं, पाय नव्हते. होता एक अवजड हात, आणि त्याला खांदे किंवा कंबर असावी असं कुणी म्हटलं नाही. चापेकच्या अर्थानं रोबोट हाच. मुखपृष्ठावरच्या त्या देखण्या आकृत्यांना मराठीत 'यंत्रपुतळी' म्हणावं, आणि 'यंत्रमानव' हा शब्द तूर्त कुणालाच देऊ नये.