मूल एक, घरं दोन, भत्ता कुणाचा?

आजची गोष्ट ब्रिटनची आहे, पण प्रश्न अगदी घरगुती. सरकार मुलासाठी पैसे देतं, ते घ्यायचे कुणी? आईने की बाबांनी?

१९४५ साली तिथे कुटुंब भत्त्याचा कायदा आला. दुसऱ्या मुलापासून पुढे, दर मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग. मूळ मसुद्यात हे पैसे वडिलांच्या नावावर होते. खासदार एलिनॉर रॅथबोन भडकल्या. मुलांचा खर्च आईच्या हाती यावा, हे त्या दोन दशकांहून जास्त काळ सांगत होत्या. शेवटी संसदेने ऐकलं, पैसे आईचे झाले. पहिला हप्ता ऑगस्ट १९४६ मध्ये वाटला गेला. रॅथबोनबाई मात्र त्याच वर्षी जानेवारीत वारल्या होत्या.

१९७७ मध्ये 'चाइल्ड बेनिफिट' आलं. आता पहिल्या मुलालाही पैसे मिळू लागले, आणि बापाच्या पगारावरची करसवलत टप्प्याटप्प्याने गेली. म्हणजे बापाच्या पाकिटातले पैसे आईच्या पर्समध्ये!

पण या सगळ्यात एक गोष्ट गृहीत होती: घर एकच. आई-बाबा वेगळे झाले आणि मूल दोन्हीकडे राहू लागलं, तर? नियम सांगतो, एका मुलामागे दावेदार एकच. दोघांनी आपसात ठरवावं. नाही जमलं, तर कर खातं ठरवणार. एका मुलाचा भत्ता अर्धा-अर्धा होत नाही.

असाच वाद, पण मुलांसाठीच्या कर-सवलतीच्या पैशांचा, २०१२ साली सुप्रीम कोर्टात पोचला. एका बापाकडे मुलं आठवड्यातले तीन दिवस असायची. तो स्वतः सरकारी मदतीवर जगणारा. त्या पैशांतला एक पेनीही त्याला मिळत नव्हता. न्यायमूर्ती लेडी हेल यांनी मान्य केलं की या नियमाचा फटका बापांनाच जास्त बसतो. तरीही नियम टिकला. कारण पैसे वाटले, तर मूल जिथे जास्त राहतं, तिथेच कमी पडतील.

मी हा निकाल वाचला आणि अडकलो. कोर्टाचं म्हणणं पटतं. पण ते तीन दिवस मुलांना भूक तर लागतेच ना? ज्या नियमाने एकेकाळी आईला न्याय दिला, तोच आता एका गरीब बापाला दारात उभं करतो.

तुम्ही न्यायाधीश असता, तर काय केलं असतं? विचार करा. भेटूया पुढच्या भागात!